शून्य कुठे धरलं होतं

माझ्या भाचीला आम्ही घरात ‘तळटीप’ म्हणतो. बापानेच ठेवलेलं नाव. बापाने मुलीला ठेवावं असं काही ते नाही, पण चिकटलं ते चिकटलं. लहानपणी ही पोरगी चित्र काढायची तेव्हा चित्र एवढंसं आणि खाली मजकूर हातभर. ‘हे घर आहे. दार या बाजूला आहे. मागचं झाड खरं आहे, पण कावळा मनाने काढला आहे.’ मी म्हणायचे, “अगं बये, कावळ्याचं कोण विचारतंय?” तर चष्म्याशिवायचे डोळे वटारून म्हणायची, “उद्या कुणी कावळा शोधायला आलं तर?”

आता ती मोठी झाली, चष्मा लागला, केस पांढरे व्हायला लागले, आणि तिला नेमकं हेच करायचा पगार मिळतो. शहराच्या नकाशा विभागात ती बसते. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीची मागची बाजू दिसते, आणि टेबलावर तिच्यापेक्षा मोठा कॉम्प्युटर. त्यात नकाशांच्या फाइली. कुठल्या रस्त्याखालून कुठली पाइपलाइन जाते, कुठे झाडं आहेत, कुठे खड्डे. ही प्रत्येक फाइलीबरोबर एक चिठ्ठी लिहून जोडते. त्याला म्हणे मेटाडेटा म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला सर्दीची गोळी वाटली होती.

तिने मला समजावलं ते असं. “आत्या, तुझ्या फडताळात पाच डब्यांत पांढरी पूड आहे. मीठ, साखर, सोडा, मैदा आणि ते मुंग्यांचं औषध. डबे सारखे. चिठ्ठ्या नसल्या आणि तू घरी नसलीस, तर मी चहात काय घालू?”

“तू माझ्या घरी चहा करणारच नाहीस, आयता पिशील,” मी म्हटलं. पण मुद्दा कळला. फाइलीत नुसते आकडे असतात, सगळे पांढरे. कोणी मोजलं, कधी, कशाने, कुठून, किती चुकलेलं असू शकतं, हे लिहायचं. आणि शेवटी, ही फाइल कशासाठी मुळीच वापरू नका तेही लिहायचं. हे शेवटचं तिचं फार लाडकं. मी एकदा केक केला होता तर खाऊन झाल्यावर म्हणते, “चांगला आहे, मर्यादा एवढीच की मधला भाग कच्चा.” असली माणसं जेवायला बोलवू नयेत. मी तरी बोलावते.

आता तिच्या बापाचं. दादा, माझा थोरला भाऊ, त्याच विभागात जन्मभर सर्व्हेअर होता. तिपाईवर दुर्बीण लावायची, लांबवर एक माणूस आकड्यांची उंच पट्टी धरून उभा, आणि दादा एक डोळा मिटून बघणार. त्याच्या बायकोला तो ज्या दिवशी पहिल्यांदा दिसला त्या दिवशी तिला वाटलं, हा मला डोळा मारतोय. त्यावरच लग्न झालं. वहिनी जाईपर्यंत ते सांगून हसायची.

दादाचा आवडता शब्द ‘नाही’. चहा घेतोस? नाही. बरं वाटतंय का? नाही. बदली मागून घे की. नाही. आणि ऑफिसात कुणी म्हणालं, मोजणीचं जरा लिहून ठेवा, तर, “नाही. डोक्यात आहे.” डोकं होतंच तसं. वीस वर्षांपूर्वीच्या गटाराचा उतार विचारा, झोपेतून उठून सांगेल. त्यामुळे कुणी जास्त आग्रहही केला नाही. तो होता ना.

दोन वर्षांमागे झटका आला. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागला, मग तेही नाही, चाकाची खुर्ची आली. आणि बोलणं गेलं. म्हणजे सगळं नाही गेलं. एक शब्द राहिला. ‘हो’. एवढ्या मोठ्या शब्दांच्या पोत्यातून नेमका तोच काढून द्यावा, याला काय म्हणायचं सांगा. जन्मभर न वापरलेला, कोरा करकरीत.

डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंचसं समजतं, फक्त हवा तो शब्द सापडत नाही, आणि हाच एक तोंडात येतो. मला आधी गंमत वाटायची, खोटं कशाला सांगू. मी विचारलं, “दादा, लहानपणी माझी बाहुली तूच मोडलीस ना?” “हो.” पन्नास वर्षं कबूल करत नव्हता. मी टाळी वाजवली. मग शहाणपणा सुचला आणि विचारलं, “की मीच मोडली?” “हो.” टाळी तशीच हवेत राहिली.

माझं घर नदीकडून पहिल्या गल्लीत. खाली दोन खोल्या, वर माळा, दाराला पायऱ्या. नदी दिसत नाही, पण वास येतो, आणि भरली की आवाज येतो. तो मोठा पूर आला तेव्हा मी माळ्यावर बसून माझा स्टोव्ह खालून तरंगत जाताना पाहिलाय. पाणी ओसरल्यावर दादा पट्टीवाल्याला घेऊन आला आणि गल्लीतली एकेक भिंत मोजली. पाण्याने सोडलेली मळकट रेघ कुठे किती उंच आहे ते. तीच त्याची पुराची फाइल. त्या पुराची दुसरी मोजणी कुणाकडेच नाही.

आणि आता इतक्या वर्षांनी नदीकाठाला पूरभिंत मंजूर झाली. गल्लीत आम्ही बायका हरखून गेलो. भिंत किती उंच हवी? तर मोठ्या पुराच्या पाण्याहून थोडी वर. पाणी किती चढलं होतं? तर दादाच्या फाइलीत बघा. फाइल आली तळटीपच्या टेबलावर: याला चिठ्ठी नाही, लिहून द्या.

एक फाइल नव्हती, चार होत्या. ‘पूर’, ‘पूर नवा’, ‘पूर नवा खरा’ आणि ‘पूर हाच वापरा’. तळटीपने चौथी उघडली. आकडे नीट, एकही रिकामा नाही, प्रत्येक खुणेची उंची दोन दशांशांपर्यंत. फक्त ती उंची कशापासून, हे चारांतही कुठेच नाही.

मी म्हटलं, “उंची ती उंची. कशापासून काय?”

“आत्या, तू स्टुलावर उभी राहिलीस तर तुझं डोकं किती उंचावर?”

“स्टुलावर मला चढवू नकोस, पडेन.”

“तेच. आधी सांगावं लागतं, जमिनीपासून की स्टुलापासून. बाबांनी कुठेतरी शून्य धरलं असणार.”

नियमाने ते सरकारी खुणेच्या दगडापासून धरायचं असतं. पण तो दगड नदीपलीकडे, आणि पुरात गेलेला. मग घाईच्या कामात सर्व्हेअर जवळचंच एखादं पक्कं ठिकाण धरतात, त्याला शून्य म्हणतात आणि पुढे मोजत जातात. नंतर ते खऱ्या दगडाशी जोडायचं. जोडलं नाही तर निदान लिहायचं. दादाने जोडलं नाही, लिहिलंही नाही. डोक्यात होतं ना.

अशी ठिकाणं आमच्याकडे दोनच. एक पुलाच्या पायथ्याचा दगड आणि दुसरा जुन्या पंपघराचा उंबरा. पंपघर आता पाडलंय, पण जुन्या कागदांत उंबरा दगडापेक्षा ऐंशी सेंटिमीटरने वर दाखवलाय. म्हणजे माझ्या कमरेएवढा. शून्य पुलाचं असेल तर पूर तेवढा खाली होता, आखलेली भिंत पुरते. शून्य उंबऱ्याचं असेल तर पूर कमरेएवढा आणखी वर होता, आणि ती भिंत बुटकी. पाणी तिच्यावरून हसत हसत माझ्या घरात.

तर तळटीप बापासमोर बसली. मी तिथेच होते, बिस्किटं घेऊन गेले होते.

“बाबा, पुराच्या वेळी शून्य पुलाचं धरलं होतं?”

“हो.”

ती आनंदली. मी म्हटलं, “थांब, बाहुलीचं विसरलीस का?” मग तिने विचारलं, “पंपघराचं धरलं होतं?”

“हो.”

“दोन्ही?”

“हो,” दादा म्हणाला, आणि जरा पुढे वाकला, जणू काही पुढे आहे. पुढे काही आलं नाही.

मग तिने फोटो आणले. पुलाचा एक, पंपघराचा एक. डाव्या हाताने दाखवा म्हणाली. पहिल्यांदा बोट पंपघरावर. फोटो अदलाबदल करून ठेवले, बोट पुलावर. तिसऱ्यांदा बिस्किटावर. “हे मात्र खात्रीचं,” मी म्हटलं. तळटीप हसली नाही, म्हणून मीही हसू आवरलं.

मग तिने गल्लीचा मोठा नकाशा छापून आणला, दादाच्या खुणांचा, आणि त्याच्या मांडीवर अंथरला. त्याने तो ओळखला. ते मात्र आम्ही दोघींनी पाहिलं. चेहरा बदलला, पाठ ताठ झाली. बोट नदीच्या कडेने निघालं, एकेका खुणेवर टेकत, अगदी कामावर असल्यासारखं. छापखान्यावरून गेलं, माझ्या घरावर जरा रेंगाळलं, शाळेच्या कठड्यापाशी येऊन थांबलं. तळटीपने पेन्सिल उचलली. बराच वेळ बोट हललं नाही. मग मी वाकून पाहिलं तर दादा झोपला होता.

पट्टीवाला अजून आहे, दुसऱ्या गावी मुलीकडे असतो. त्याला फोन लावला. त्याला ऐकू छान येतं, आठवतंही छान. त्यामुळेच घोळ झाला.

“सुरुवात पुलाच्या दगडापासून केली होती,” तो म्हणाला. “मग पुलावर दुरुस्तीवाले आले, तिथे तिपाई लावू देईनात. तुमच्या बाबांचं त्यांच्याशी भांडणही झालं. मग आम्ही पंपघराचा उंबरा धरला.”

“कुठल्या खुणेपासून बदललं?”

“ते बाबांना माहीत, ताई. मी पट्टी धरायचो, आकडे तेच टिपायचे. मी म्हटलं होतं, साहेब, शून्य बदललं ते लिहून ठेवू या का? म्हणाले, नाही, डोक्यात आहे. तब्येत कशी आहे त्यांची? बोलतात का?”

तळटीपने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “दोन्ही विचारलं तेव्हा हो म्हणाले होते ते.” त्या एका ‘हो’चा खरेपणा आम्हाला असा उशिरा कळला, आणि बाकीच्यांतला कुठला खरा, ते कळायचा रस्ता त्याच वेळी बंद झाला.

तरी ही पोरगी थांबली नाही. दादाने रेघांबरोबर शेजारच्या खिडक्या, ओटे, पायऱ्याही मोजल्या होत्या; त्यांतली आज जशीच्या तशी आहे अशी एखादी जागा पुन्हा मोजली, तर फरकावरून शून्य सापडतं म्हणे. पण जशीच्या तशी राहिली कुठली? पुरानंतर रस्ता दोनदा उंच केला, पायऱ्या नव्या घातल्या, भिंतींना गिलावा केला. तीन जागा सापडल्या. छापखान्याची खिडकी, शाळेचा कठडा आणि वखारीचा ओटा. विभागातला सर्व्हेअर दुर्बीण घेऊन आला. खिडकी म्हणाली पूल. कठडा म्हणाला पंपघर. ओटा दोघांशीही जमेना, तो खचला होता. आणि खिडकी आणि कठड्याच्या मध्ये जितक्या खुणा, माझ्या घरासकट, त्या कुणाच्या ते कोण सांगणार? भिंतीवरच्या रेघा तर कधीच पुसल्या गेल्या.

त्या दिवशी तळटीपने दादालाही आणलं होतं. पंपघराची जागा बघून काही आठवेल म्हणून. पंपघर पाडून तिथे आता गाड्या लावतात. मी खुर्ची ढकलत होते, चाकाखाली खडी, दमछाक झाली. “दादा, तू पूर्वी हडकुळा होतास रे,” मी म्हटलं. “हो.” “आता भोपळा झालायस.” “हो.” एवढं गोड भांडण आमचं पूर्वी कधी झालं नव्हतं.

सर्व्हेअरने तिपाई लावली होती. त्या दुर्बिणीवर एक छोटी काच असते, तिच्यात पाणी आणि पाण्यात बुडबुडा. तो मधोमध आला म्हणजे दुर्बीण सपाट. सर्व्हेअर कुणाशी तरी बोलत होता. दादाने डावा हात लांब केला, खालचा स्क्रू चिमटीत धरला आणि इतकासा फिरवला. मी वाकून पाहिलं. बुडबुडा बरोबर मधोमध. डाव्या हाताने! जन्मभर उजव्याने केलेलं काम.

तळटीप त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसली, खडीतच. “बाबा. इथे उंबरा होता. इथून शाळेकडे मोजत गेलात. पहिली खूण कुठली?”

दादा तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. डोळ्यांत सगळं होतं हो, मला दिसत होतं. एखाद्याने खोलीत दिवा लावून बाहेरून कुलूप घालावं तसं. मानेची शीर ताठ झाली, घाम आला, डावी मूठ खुर्चीवर आपटली, एकदा, दोनदा, आणि मग तोंडातून आलं ते हळू, अगदी ओशाळलेलं:

“हो.”

तिने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. मी गाड्या बघत बसले. एक निळी होती, तिचा आरसा तुटलेला.

त्यानंतर विभागप्रमुख भिंतीची जागा बघायला आले. मी त्यांना मनातल्या मनात बूटसाहेब म्हणते, कारण नदीकाठच्या चिखलात ते असे बूट घालून आले होते की त्यांत बघून मी केस विंचरले असते. माणूस वाईट नाही. बूट पुसायला माझ्याकडे आले, बसले, चहा घेतला, आवडला म्हणाले.

“हे बघा,” ते तळटीपला म्हणाले, “भिंतीची आखणी पुलाचं शून्य धरूनच झालीय. उंच करायची तर पाया बदलायचा, मंजुरी पहिल्यापासून. ते यंदा होत नाही, पुढच्या वर्षीही सांगता येत नाही. चिठ्ठीत लिहा, शून्य: पूल. आणि मोकळ्या व्हा.”

“पण सर, अर्ध्या खुणा पंपघराच्या आहेत.”

“अर्ध्या पुलाच्याही आहेत ना? मग खोटं कुठे आहे?”

“सगळ्या पुलाच्या, असा अर्थ होईल सर.”

“तुमच्या वडिलांना विचारलंत?”

“विचारलं.”

“काय म्हणाले?”

मीच म्हटलं, “हो म्हणाला.”

बूटसाहेबांचा चेहरा उजळला. “मग झालं तर!”

“नाही म्हणायला त्याला येत नाही, साहेब,” मी म्हटलं. त्यांनी कप खाली ठेवला. तिघंही आम्ही बुटांकडे बघत राहिलो.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि खरं सांगायचं तर पोरीच्या मागे लागले. “लिही की गं पूल! एक शब्द. माझी खालची खोली बघ. त्या पुरात पलंग गेला, स्टोव्ह गेला, वहिनीने दिलेलं शिवणयंत्र गेलं. भिंत येते तर येऊ दे. बुटकी तर बुटकी. तुझी आत्याही बुटकीच आहे, तिचं काय अडलं?”

“आत्या, भिंत झाली की तू कुठे झोपशील?”

“खाली. गुडघे जिन्याला नाही म्हणतात.”

“आणि भिंत नसेल तर?”

“तर काय, नदी वाजली की माळ्यावर.”

“मग बुटकी भिंत झाली, तर तू तिच्या भरवशावर खाली झोपशील. सगळी गल्लीच झोपेल. आणि त्या चिठ्ठीखाली माझी सही असेल.” चष्मा काढून ती डोळे पुसायला लागली. “मला लिहायला दुसरं काहीतरी हवं होतं गं. मला वाटलं होतं, मी शोधून काढीन.”

एवढी मोठी बाई, पण मला तिथे ती कावळ्याखाली मजकूर लिहिणारी पोरगीच दिसली. मी तिला जवळ घेतलं. आणखी काय करणार? माझ्याकडे तरी कुठे शून्य होतं.

तिने चिठ्ठी लिहिली. मला वाचून दाखवली, माझ्याच स्वयंपाकघरात. ‘या फाइलीतल्या उंच्या दोन वेगवेगळ्या शून्यांपासून मोजलेल्या आहेत. कोणती उंची कोणत्या शून्यापासून, हे माहीत नाही, आणि आता कळण्याची शक्यता नाही. दोन शून्यांत ऐंशी सेंटिमीटरचा फरक आहे. पाणी कुठल्या घरांपर्यंत पोचलं होतं हे बघायला फाइल वापरावी. भिंतीची किंवा कसलीही उंची ठरवायला वापरू नये. मोजणी काळजीपूर्वक केलेली आहे.’

“हे शेवटचं कशाला?” मी विचारलं.

“ते खरं आहे म्हणून.”

मी भांडी घासायला घेतली. पाण्याचा आवाज असला की बरं असतं.

पण चिठ्ठी लिहून भागत नाही. ऑफिसातून फाइल गेली भिंतवाल्यांकडे, म्हणजे भिंत आखून बांधणार त्या कंपनीकडे, आणि चिठ्ठी राहिली इथेच. कुणी मुद्दाम काढली असंही नाही. चिठ्ठी वेगळी, फाइल वेगळी, पाठवणाऱ्याने एकच उचलली. महिन्याभराने आखणी परत आली तर सगळे आकडे स्वच्छ, जणू काही देवानेच मोजले. तळटीप डोकं धरून माझ्याकडे आली.

मी हसले. म्हटलं, “अगं शहाणे, माझ्या डब्यांवर चिठ्ठ्या कुठे आहेत बघ. झाकणावर एकही नाही. झाकणं धुताना बदलतात. मी डब्याच्या अंगावर चिकटवते. मुंग्यांच्या औषधाला तर चारी बाजूंनी.”

ती माझ्या फडताळाकडे बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी तिने फाइलीत प्रत्येक आकड्याच्या शेजारी एक जास्तीचा रकाना घातला आणि एकूण एक ओळीत लिहिलं, ‘शून्य अनिश्चित, भिंतीसाठी वापरू नये’. फाइलीच्या नावातही तेच. आता आकडा उचला, चिठ्ठी अंगाला चिकटूनच येणार.

आली. भिंतवाल्यांनी वाचली आणि काम थांबवलं. अशा आकड्यांवर आम्ही सही करणार नाही म्हणाले. बूटसाहेबांनी वर कळवलं, वरच्यांनी आणखी वर. आता सगळा विचार पहिल्यापासून, नवी मोजणी, नवी मंजुरी. तो पूर मात्र पुन्हा मोजता येत नाही, त्याचं कोण काय करणार ते अजून ठरायचंय. म्हणजे हिशेब असा झाला की माझ्या घरापुढची भिंत माझ्याच डब्यांनी अडवली. हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.

गल्ली तळटीपवर रागावलेली आहे. शेजारची शिंपीण तर तोंडावर म्हणाली, “तुमच्या भाचीला एक शब्द लिहायला जड झाला. बापाचं नाव राखायला आम्हाला बुडवणार.” मी एरवी तिला सोडली नसती, तिच्या उसवलेल्या बाह्यांचा सगळा पाढा वाचला असता. पण काय सांगू? बापाचं नाव राखायचं असतं तर तिने ‘पूल’च लिहिलं असतं ना. सगळ्या विभागात आता माहीत झालंय, दादाने शून्य लिहिलं नव्हतं. ते मुलीनेच लिहून जगजाहीर केलं. मी शिंपिणीला म्हटलं, “चहा घेतेस?” ती नाही म्हणाली. तो शब्द ऐकून मला उगीचच दादा आठवला.

तळटीप येते अजून, पण गल्लीतून मान खाली घालून. दादाला मी माझ्याकडे आणते मधूनमधून, तेवढीच तिला सुट्टी. परवा दुपारपासून पाऊस लागला होता आणि संध्याकाळी नदी वाजायला लागली. तळटीपचा फोन आला, आत्या, बाबांना घ्यायला गाडी घेऊन येते, तूही चल. मी म्हटलं, बघते.

दादाची खुर्ची दारात लावली होती. आम्ही दोघं गल्लीच्या तोंडाकडे बघत होतो, जिथे भिंत व्हायची होती. तिथे आखणीच्या खुंट्या तेवढ्या ठोकलेल्या आहेत, लाल रंगाच्या.

“दादा, पाणी चढेल का रे?”

“हो.”

“नाही ना चढणार?”

“हो.”

त्याने माझा हात धरला, डाव्या हाताने, घट्ट. त्याला त्यातलं कुठलं म्हणायचं होतं ते त्याला नक्की माहीत होतं. मला नव्हतं. म्हणून मी दोन्ही ‘हो’ घेतले, आत गेले, आणि गाडी येईपर्यंत गादी, स्टोव्ह आणि पाचही डबे एकेक करून माळ्यावर चढवले.